शेपूट बाहेर

मामा चोर आहे हे टेपवालीला वयाच्या नवव्या वर्षापासून ठाऊक होतं. पुरावा तेवढा नव्हता.

तो पुरावा एका मंगळवारी सकाळी रेडिओ केंद्राच्या गाडीतून आला. तीन चपटे पुठ्ठ्याचे डबे, दोरीनं बांधलेले, वर केंद्राच्या टेपभांडाराचा शिक्का आणि शिक्क्याखाली तिच्या बापाचं अक्षर. बापाला जाऊन सहा वर्षं झाली होती, पण अक्षर अजून तसंच होतं, उजवीकडं झुकलेलं, घाईतलं. ‘आयरिश. रीळ १. शेपूट बाहेर.’ दुसऱ्यावर तेच, तिसऱ्यावर तेच.

भांडारवाल्यानं कागद पुढं केला. “इथं सही. आणि इथं. या टेपची एकही प्रत स्वतःकडं ठेवणार नाही म्हणून.”

“माझ्या बापानंच भरलेल्या टेपा आहेत या.”

“म्हणूनच दोन सह्या,” भांडारवाला म्हणाला आणि वर हसला.

तिनं दोन्ही सह्या ठोकल्या. हसणाऱ्याचे दात मोजत बसायला तिला वेळ नव्हता.

गोष्ट छत्तीस वर्षांपूर्वीची. बाप तेव्हा केंद्रात ध्वनिमुद्रक होता. एक आयरिश गिटारवाला आला, ब्लूज आणि रॉक एकाच दमात वाजवणारा, हडकुळा, अंगातला कोट न काढता दोन तास घाम गाळणारा. केंद्राच्या सभागृहात एक रात्र वाजवून गेला. बापानं तीन रिळं भरली. केंद्रानं ती फडताळात टाकली. ऐकवली कुणाला? कुणालाही नाही. सरकारी फडताळात गेलेली वस्तू आणि विहिरीत पडलेलं घागरीचं झाकण, दोन्ही सारखीच. पण पाच महिन्यांनी तीच मैफल बाजारात आली. पांढऱ्या पाकिटातली चोरटी तबकडी, नाव नाही, गाव नाही. मग केंद्राला जाग आली. तीन खुर्च्या आणि एक पाण्याचा जग मांडून चौकशी झाली. टेपा तुमच्या ताब्यात होत्या, किल्ली तुमच्याकडं होती, बोला. बाप बोलला नाही. एक शब्द नाही. दीड तास भिंतीकडं बघत बसला आणि नोकरी गमावून घरी आला.

त्याच्या खुर्चीत पुढच्याच महिन्यात कोण बसलं? त्याचा मदतनीस, म्हणजे त्याच्या बायकोचा सख्खा भाऊ, म्हणजे मामा. खुर्ची धड थंडसुद्धा झाली नव्हती.

आता तुम्हीच सांगा, संशय कुणावर घ्यायचा?

बापानं घराच्या पुढच्या खोलीत दुरुस्तीचं दुकान टाकलं. टेप रेकॉर्डर, अॅम्प्लिफायर, लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी. टेपवाली त्याच खोलीत मोठी झाली. तिला पाढ्यांच्या आधी रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे पाठ होते. आज अख्ख्या शहरात मोठ्या रिळांची चालू मशिनं तिच्याकडंच उरली होती, म्हणून केंद्राला झक मारत तिच्या दारात यावं लागलं. आयरिश कधीच गेला होता. त्याचा धाकटा भाऊ आता त्याच्या सगळ्या मैफिली एका पेटीत घालून काढत होता, सोबत जाडजूड पुस्तिका. पुस्तिकेचा कच्चा मजकूर तपासायला म्हणून तिला आला, त्यात तिसाव्या पानावर एक वाक्य होतं: ‘ही मैफल केंद्राच्या ध्वनिमुद्रकानंच बाहेर विकली होती.’

नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती. त्या केंद्रात तेव्हा ध्वनिमुद्रक एकच होता.

तिनं धाकट्या भावाला ईमेल लिहिलं. लांबलचक, रागीट, मध्येच शुद्धलेखनाचा मुडदा पाडलेलं. त्याचं उत्तर तीन ओळींचं आलं. ‘मी तुमच्या वडिलांना ओळखत नाही. पुरावा द्या, वाक्य काढतो. सोमवारी छपाई.’

माणूस सरळ होता. सरळ माणसावर रागावता येत नाही, हीच त्याच्याशी वागण्यातली मोठी अडचण.

---

पहिला दिवस टेपा शेकण्यात गेला. जुन्या टेपेला ओल धरते, ती चिकट होते, तशीच वाजवली तर तपकिरी लेप खरडून निघतो आणि आवाज कायमचा जातो. म्हणून टेपवालीकडं फळं सुकवायचं एक यंत्र होतं. त्यात तिनं रिळं ठेवली, मंद आचेवर, आणि दर तासाला उठून बघितली. आई आतून म्हणाली, “बाळंतिणीसारखी काय सारखी उठतेस?”

“तुझ्या नवऱ्याची इज्जत शेकतेय,” ती म्हणाली.

आई या विषयावर नेहमीच गप्प बसायची.

गुरुवारी तिनं पहिलं रीळ मशीनवर चढवलं. बापानं डब्यावर लिहिलं होतं तसंच होतं, शेपूट बाहेर. म्हणजे असं की टेप वाजवून संपली की ती मागं गुंडाळायची नाही. तशीच ठेवायची, शेवट बाहेर, सुरुवात आत. पुढच्या वेळी वाजवायच्या आधी गुंडाळून घ्यायची. आळशीपणा नव्हे हो हा, यामागं शास्त्र आहे. टेपेचे वेढे एकमेकांना चिकटून बसलेले असतात. एखाद्या वेढ्यावर मोठा आवाज असेल तर त्याचा पुसट ठसा शेजारच्या वेढ्यावर उतरतो. त्याला टेपवालीचा बाप ‘सावली’ म्हणायचा. शेपूट बाहेर ठेवलं तर सावली आवाजाच्या मागं पडते, आवाजाच्या घुमण्यात मिसळून जाते, कानाला कळतही नाही. पण टेप गुंडाळून, तोंड बाहेर काढून ठेवली, तर सावली आवाजाच्या पुढं पडते. शांतता असते, कुणी काही वाजवलेलं नसतं, आणि तरी दोन सेकंद आधी सूर ऐकू येतो, भुतासारखा, लांबून.

“जी माणसं टेप गुंडाळून ठेवतात,” बाप म्हणायचा, “ती जेवल्यावर ताट चाटूनपुसून फळीवर ठेवणारी माणसं. दिसायला स्वच्छ.”

तिन्ही रिळं तिनं ऐकली. शेवटचं गाणं आयरिशनं एकट्यानं वाजवलं होतं, बाकीचे वादक उतरून गेल्यावर. त्याआधी लांब शांतता होती. कुणीतरी खोकलं. खुर्ची करकरली. आणि मग त्यानं तारेवर पहिला घाव घातला, असा की टेपवालीनं इतक्या वर्षांनंतरही मान मागं घेतली. शांतता कोरी करकरीत होती. सावली घावाच्या मागं, जिथं असायला हवी तिथं.

मग तिनं दुकानातल्या फळीवरची ती चोरटी तबकडी लावली. तेच गाणं, तीच शांतता, तोच खोकला. आणि घावाच्या दोन सेकंद आधी, टुण्ण. पुसट, पण स्पष्ट.

तिनं सुई उचलून पुन्हा तिथंच ठेवली. पुन्हा टुण्ण.

या ‘टुण्ण’वर आयरिशच्या भक्तांनी रकानेच्या रकाने भरले होते. म्हणे त्यानं दार ठोठावावं तशी तार आधी हळूच ठोठावली. म्हणे मृत्यूचं दार! डोंबल. तोंड बाहेर काढून ठेवलेली टेप होती ती. याचा अर्थ, तबकडी या रिळांवरून निघालीच नव्हती. ती एका वेगळ्या प्रतीवरून निघाली होती, आणि ती प्रत गुंडाळून ठेवणाऱ्या हातात काही आठवडे पडून होती. बापाचा हात तो नव्हता. बापानं आयुष्यात टेप गुंडाळून ठेवली नव्हती.

मग कुणाचा?

शनिवारी आणखी एक गाठ सापडली. तबकडीवरचा सूर मूळ टेपेपेक्षा खाली होता. फार नाही, अर्ध्या सुराहून थोडा कमी. भक्तांनी त्याचंही पुराण रचलं होतं: त्या रात्री आयरिशनं दुःखात गिटार खाली लावली होती, कुणीतरी गेलं होतं त्याचं, कुणी म्हणे आजी, कुणी म्हणे प्रेयसी. पुस्तिकेत एका विद्वानानं त्यावर सहा पानं लिहिली होती. मूळ टेपेवर गिटार सरळ सुरात होती. दुःख, आजी, प्रेयसी, सगळं एखाद्या मशीनच्या चुकीतून जन्माला आलं होतं. जास्त वेगानं भरलेली टेप नेहमीच्या वेगावर वाजवली की सूर खाली बसतो. म्हणजे ती प्रत अशा मशीनवर भरली होती जे जरा जोरात पळत होतं.

असं एक मशीन टेपवालीला माहीत होतं. ते तिच्या पाठीमागंच होतं, कपाटात. घरचं मशीन. त्याची टेप ओढणारी चाकी बापानं एका लेथवाल्याकडून करून घेतली होती, ती केसभर जाड झाली. लहानपणी बापानं एकदा कपाट उघडून त्यावर तिची कविता भरली आणि मामानं ती केंद्राच्या मशीनवर ऐकवली, तर तिचा आवाज सर्दी झालेल्या हवालदारासारखा येत होता. मामा तेव्हा हसून लोळला होता.

तिनं कपाटाचं कुलूप काढलं. घरच्या मशीनवर आपला आवाज भरला, दुसऱ्या मशीनवर लावून मोजला. फरक तबकडीच्या फरकाला तंतोतंत जुळला.

मामा त्या वर्षी त्यांच्याच घरी राहायचा. मागच्या खोलीत. केंद्रात ये-जा त्याची. किल्ल्या कुठं असतात ते त्याला ठाऊक. घरचं मशीन त्याच्या उशापासून दहा पावलांवर.

“सापडलास मामा,” ती मोठ्यानं म्हणाली.

---

मामा दर रविवारी जेवायला यायचा. इतक्या वर्षांत एक रविवार चुकला नव्हता. टेपवाली दर रविवारी त्याला एक तरी टोमणा मारायची, आणि तो दर रविवारी ऐकून घ्यायचा. हेही तिच्या संशयात जमा होतं. निर्दोष माणूस एवढं कशाला ऐकून घेईल?

“काय फौजदारीणबाई,” मामा पायपुसण्यावर बूट झटकत म्हणाला, “आज चेहऱ्यावर फाशीचा हुकूम दिसतोय.”

“जेव आधी.”

“फाशीआधी जेवण देतात म्हणे.”

आईनं ताटं वाढली. टेपवालीनं भाजी पुढं सरकवली आणि थांबली. मग एकदम म्हणाली, “मामा, सावली आधी पडलीय.”

मामाचा घास हातातच राहिला.

“काय?”

“चोरट्या तबकडीवर. शेवटच्या गाण्याआधी. सावली पुढं पडलीय, मागं नाही. तू केंद्रात तीस वर्षं काढलीस, तुला कळतंय मी काय म्हणतेय ते. आणि सूर खाली आहे, बरोबर आपल्या घरच्या मशीनइतका. ती प्रत इथं भरली. या घरात.”

मामानं घास ताटात ठेवला. त्याची नजर एकदा आईकडं गेली आणि परत आली. टेपवालीनं ती पकडली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, तिला वाटलं. बहिणीपुढं उघडं पडायची भीती.

“कुणाला लिहिलंयस हे?” मामानं विचारलं.

“अजून नाही. उद्या लिहिणार. आयरिशच्या भावाला. तुझ्या नावासकट.”

“नको लिहूस.”

“का?”

“अगं, एका वाक्यानं काय होतंय? तुझा बाप आता वाचायला येणार आहे का?”

“मी येणार आहे ना वाचायला! माझ्या घरात ते पुस्तक येणार. ‘ध्वनिमुद्रकानंच विकली.’ तुला काय होतंय? तुला खुर्ची मिळाली, निवृत्तीचा समारंभ मिळाला. बाबा इथं लोकांच्या रेडिओला झाळ देत बसले.”

“माझं ऐक. ते वाक्य राहू दे.”

“चोराला बरं वाटेल राहिलं तर.”

“हो,” मामा शांतपणे म्हणाला, “म्हण मला चोर. तुला म्हणायचं असेल तर खुशाल म्हण. पण लिहू नकोस.”

“बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, मामा! तू नाहीस तर कोण, ते सांग.”

मामा उठला. ताटात अर्धं जेवण तसंच. हात धुतले, बूट घातले. दारात वळून आईला म्हणाला, “अक्का, येतो.” आणि गेला.

आई ताटाकडं बघत होती. “जेवत्या ताटावरून उठवलंस त्याला,” ती म्हणाली. बाकी काही नाही.

---

दुपारी टेपवालीनं पुरावा जमवायला घेतला. तिसरं रीळ पुन्हा वाजवलं, शांततेचा आणि घावाचा तुकडा संगणकावर घेतला, शेजारी तबकडीचा तुकडा ठेवला. मजकूर मनात तयार होता. ‘माझ्या मामानं,’ अशी सुरुवात. रीळ संपलं, शेपूट फडफडलं, मशीन थांबलं. तेवढ्यात दारावर एक गिऱ्हाईक आलं, कुणाच्या तरी आजोबांच्या भाषणाची कॅसेट घेऊन. त्याला वाटेला लावायला तिला दहा मिनिटं लागली.

ती परत आली आणि दारातच थबकली.

आई मशीनपुढं उभी होती. सत्तरीची बाई, चष्मा कपाळावर, पदर खोचलेला. तिनं टेपेचं शेपूट उचललं, न बघता रिळाच्या खाचेत अडकवलं, अंगठ्यानं दोन वेढे दिले, उजव्या हातानं मागं गुंडाळायचा खटका दाबला. रिळं गरगर फिरली. शेवटाला येताना आईनं डावा तळवा रिळाच्या कडेला हळूच टेकवला, जसं नाचऱ्या मुलाला खांद्यावर हात ठेवून थांबवावं, आणि टेप अचूक थांबली. तोंड बाहेर.

टेपवालीला तो तळवा शिकायला दोन वर्षं लागली होती. बापाचा मार खाऊन.

“आई!”

आई दचकली. “अगं, अर्धवट दिसलं. म्हटलं गुंडाळून ठेवावं.”

“तू कुठं शिकलीस हे?”

आईनं पदर सोडला, पुन्हा खोचला.

टेपवालीच्या डोळ्यांसमोरून घर सरकलं. बापानं या खोलीत आईला झाडण्यापुसण्यापलीकडं कधी पाऊल टाकू दिलं नव्हतं. ‘मशीनला हात लावायचा नाही.’ घरच्या मशीनच्या कपाटाला कुलूप, किल्ली बापाच्या कमरेला, तो मरेपर्यंत. तिला वाटायचं, बायकांना यातलं काय कळतं असलं काहीतरी. पण तिला तर त्यानं सगळं शिकवलं होतं. तीही बाईच होती की. मग कुलूप कुणासाठी होतं? या घरात लोकरीचा गुंडा असो, नाहीतर सुतळी, नाहीतर इस्त्रीची वायर, अर्धवट सोडलेलं काही कुणाला बघवत नसे? काखेत कळसा आणि ती गावाला वळसा घालत फिरली होती.

“तू ऐकायचीस,” ती म्हणाली. “ती प्रत तुझ्याकडं होती.”

आई स्टुलावर बसली. तिनं कपाळावरचा चष्मा काढून पुसला.

“तू दोन वर्षांची होतीस,” ती म्हणाली. “डांग्या खोकला झाला होता तुला. त्या मैफिलीला मला जायचं होतं. साडीसुद्धा काढून ठेवली होती. जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी ह्यांनी टेपा घरी आणल्या, एका दिवसापुरत्या. नियमात बसत नव्हतं. घरच्या मशीनवर मला प्रत काढून दिली, ऐकायला केंद्रातलं एक जुनं मशीन आणलं, ते कसं चालवायचं ते दाखवलं, म्हणाले, तू घरी बसून ऐक, आयरिश तुझ्याकडंच आलाय समज. मी रोज दुपारी ऐकायची, तुला मांडीवर घेऊन. आणि संपलं की गुंडाळून ठेवायची. हे ओरडायचे, शेपूट बाहेर ठेव म्हणून. मला नाही ना तसं ठेववत.”

“मग बाहेर कशी गेली? मामानं नेली?”

“त्याचं नाव घेऊ नकोस,” आई एकदम तडकली. “त्यानं काही केलेलं नाही. मी दिली.”

“कुणाला?”

“कोपऱ्यावर तबकड्यांचं दुकान होतं. तो दुकानदार म्हणाला, ऐकू द्या दोन दिवस. परत द्यायला आला तेव्हा म्हणाला, वहिनी, हे लोकांनी ऐकायला हवं, मी मोठ्या कंपनीला दाखवतो, रीतसर निघेल, मागं तुमच्या मिस्टरांचं नाव छापतील. ध्वनिमुद्रण अमुक अमुक.” आईनं बोटानं हवेत ओळ आखली. “केंद्रात कुणी ह्यांचं नाव घेत नव्हतं गं. साहेबाचं नाव, निवेदकाचं नाव, चहावाल्याचं सुद्धा नाव समारंभात घेतलं एकदा. ह्यांचं नाही. मला वाटलं, छापलेलं घेऊन एक दिवस ह्यांच्या पुढ्यात ठेवीन. म्हणून दिली. पुन्हा दिली. एक पै घेतली नाही, तुझी शपथ.”

“आणि बाबांना कळलं.”

“तबकडी ऐकली की पहिल्या मिनिटाला कळलं. सूर खाली होता ना. पण मला विचारलं नाही. चौकशीला तुझा मामा सगळं सांगायला निघाला होता. त्यानं मला त्या दुकानात बघितलं होतं. ह्यांनी त्याचा दंड धरला. म्हणाले, माझ्या बायकोला तिथं खुर्चीवर बसवणार असशील तर माझ्या घरात पाय ठेवू नकोस. तो गप्प बसला. ती खुर्चीसुद्धा त्याला नको होती, ह्यांनीच बसायला लावलं. घर कोण चालवणार होतं तुझं? पहिली तीन वर्षं तोच चालवत होता.”

टेपवाली उभीच होती. दर रविवारचे टोमणे तिला एकेक करून आठवले. बरेच होते.

“म्हणजे बाबांनी तुला वाचवलं,” ती म्हणाली.

“वाचवलं,” आई म्हणाली. “आणि घरी आले, आणि कपाटाला कुलूप लावलं. मला काही बोलले नाहीत. एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तीस वर्षं मी त्या कुलपावरची धूळ पुसली. रोज.”

बाप देव नव्हता. मुलीनं मात्र त्याचा देव केला होता, कारण समोर एक राक्षस तयार होता, रविवारी जेवायला येणारा. माणसानं बायकोसाठी नोकरी सोडली आणि त्याच हातानं तिला रोज थोडी थोडी शिक्षा दिली. दोन्ही त्यानंच केलं. एकानं दुसरं पुसलं जात नाही.

“आता काय करू?” टेपवालीनं विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं. पुरावा होता, वाक्य खोटं होतं, उद्या सोमवार होता. पण ते वाक्य काढायचं तर त्याच्या जागी आईला उभं करावं लागणार होतं.

“लिही,” आई म्हणाली. “ध्वनिमुद्रकानं विकली नाही. त्याच्या बायकोनं दिली. असंच लिही. ह्यांना जे बोलायचं नव्हतं ते मी बोलतेय. माझी सही घे. मला येते सही.”

“लोक नावं ठेवतील.”

“मला ठेवू देत की. मी अजून ऐकायला जिवंत आहे. ह्यांना ठेवलेली नावं कोण ऐकत होतं?”

तिनं लिहिलं. सावली कुठं पडते, सूर का खाली आहे, मशीन कुठलं, टेप कुणी गुंडाळली. मामाचं नाव त्यात कुठंच नव्हतं. आईनं खाली सही केली, मोठी, शाळेतल्यासारखी. टेपवालीनं कागदाचा फोटो काढून पाठवला.

मग तिनं मामाला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तिकडून मामा म्हणाला, “बोला.” तिच्या तोंडून निघालं, “ताट झाकून ठेवलंय.”

तिकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“अक्कानं सांगितलं?”

“हो.”

“आलो.”

तो आला, बूट झटकले, त्याच जागी बसला. टेपवालीनं भाजी गरम करून वाढली. तो चार घास जेवला, मग वर बघून म्हणाला, “काय गं, आज टोमणा नाही? घशाखाली उतरत नाहीये.”

“माफ कर म्हणू का?”

“नको बाई. अन्न गोड लागायचं बंद होईल. मीठ वाढ.”

तिनं मीठ वाढलं. ते जरा जास्तच पडलं. मामानं तेही खाल्लं.

---

उत्तर सोमवारी सकाळी आलं. ‘वाक्य काढलं. तुमच्या वडिलांचं नाव “ध्वनिमुद्रण” या शब्दापुढं घातलं. त्या सहा पानांचं मात्र माझ्या भावाला फार हसू आलं असतं, तीही काढली. विद्वान रागावला आहे. तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. माझ्या भावाला शेवटचं गाणं घरात बसून ऐकणारी माणसं आवडायची.’

टेपवालीनं ते आईला वाचून दाखवलं. आईनं नावाचं तेवढं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, “आता ऐकव की एकदा. छत्तीस वर्षं झाली.”

तिनं मूळ रीळ लावलं. शांतता, खोकला, खुर्ची, घाव. आई डोळे मिटून ऐकत होती. थोड्या वेळानं तिच्या कपाळाला आठी पडली.

“हा नाही तो.”

“तोच आहे, आई.”

“तो असा घाईत नव्हता वाजवत. आणि आधी ते हळूच वाजतं ते कुठं गेलं? मला कळायचं त्यानं, आता येणार म्हणून. तुला मांडीवर घट्ट धरायची मी.” आईनं मान हलवली. “माझीच बरी होती.”

टेपवालीनं भिंतीवर टाचलेल्या कागदाकडं बघितलं. एकही प्रत ठेवणार नाही. दोन सह्या, दोन्ही तिच्याच. भांडाराची गाडी दुपारी दोनला येणार होती.

तिनं घरचं मशीन कपाटातून बाहेर ओढलं, वायर जोडली, कोरी टेप चढवली आणि दोन्ही मशिनं एकदम सुरू केली. जाड चाकी पळायला लागली, केसभर जास्त वेगानं.

“कुणाला देऊ नकोस हं,” ती म्हणाली.

“कुणाला देणार?” आई म्हणाली. “दुकानदार मेला कधीचा.”

टेप संपली. शेपूट फडफडलं. टेपवालीचा हात सवयीनं रीळ तसंच उतरवायला पुढं गेला आणि थांबला. ती स्टुलावरून उठली आणि टेप गुंडाळायला आईला जागा करून दिली.